उखाचं साटीन

उखा पाटलाला मळकी धातूची वस्तू बघवत नसे. कुणाकडे चहाला गेला तरी गडी चहा निवू द्यायचा आणि समोरचा पेला शर्टाच्या बाहीने पुसत बसायचा. एकदा बसमध्ये त्याने शेजारच्या प्रवाशाच्या पट्ट्याचं बक्कल न विचारता पुसायला घेतलं होतं, आणि त्या प्रवाशाने त्याची भर बसमध्ये खरडपट्टी काढली होती. अशा वेळी त्याची बायको वत्सला खिडकीबाहेर बघायची. हा माणूस कोण, कुठला, तिला जणू माहीतच नसायचं.

ही खोड जडली ती धंद्यामुळे. अमळनेरकडचा उखा अठराव्या वर्षी सुरतेला आला तो कापडाच्या लूमवर काम करायला. सहा महिन्यांत त्या खडखडाटाने त्याचं डोकं उठलं. तेव्हा गावच्याच भगवान मिस्त्रीने त्याला उधन्याच्या एका निकलच्या कारखान्यात नेऊन उभं केलं. त्या काळात मोटारींची बंपरं लोखंडी असायची. गंजलेली, चेपलेली बंपरं कारखान्यात यायची, ठोकून सरळ व्हायची, घासून गुळगुळीत व्हायची, मग त्यांच्यावर निकल चढायचं. पण भगवान मिस्त्री म्हणायचा, निकल चढवणं हे बादलीचं काम आहे, चमक येते ती घासणाऱ्याच्या हातातून. त्याची परीक्षाही न्यारी होती. तो बिडी पेटवून बंपरसमोर बसायचा. बिडीचा धूर बंपरात वेगळा वेगळा दिसला तर काम पास, नाहीतर पुन्हा चाकावर. पास झालेल्या कामाला तो एकच शब्द वापरायचा, ‘आरसा’. पहिला आरसा व्हायला उखाला दोन वर्षं लागली, आणि त्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने सगळ्या कारखान्याला जिलेबी वाटली.

लग्न होऊन वत्सला आली तेव्हा खोलीत आरसा नव्हता. उखा तिला सुट्टीच्या दिवशी कारखान्यात घेऊन गेला आणि एका फियाटच्या बंपरसमोर बसवलं. बंपर बाकदार, त्यात तिचं तोंड हे एवढं रुंद दिसलं. ती हसत हसत म्हणाली, “माले भोपळा करी टाकं तुम्ही.” पण कुंकू तिने त्यातच बघून नीट केलं. संध्याकाळी दोघं उधना दरवाजाशी भेळ खात उभे राहायचे आणि येणाऱ्या मोटारी बघायचे. उखा आपल्या हातचं बंपर लांबूनच ओळखून सांगायचा, “हाई मनं. ते नही. हाई मनं.” वत्सलाला सगळी बंपरं सारखीच दिसायची. ती भेळेतले दाणे वेचून खायची आणि हो ला हो म्हणायची. ते दिवस आठवले की उखाचा चेहरा अजूनही उजळायचा. तेव्हा अख्ख्या सुरत शहरात आपली चमक फिरते आहे, असं त्याला वाटायचं, आणि ते फारसं खोटंही नव्हतं.

पुढे प्लॅस्टिकची बंपरं आली. प्लॅस्टिकला कोण घासतो? कारखाना बसला. भगवान मिस्त्री गावी गेला आणि तिथेच वारला. उखाने कारखान्यातलं एक घासायचं मशीन, म्हणजे एक मोटर आणि तिच्या दोन टोकांना दोन चाकं, उचलून नवागामला आणलं आणि घराला लागून पत्र्याची शेड टाकली. देवळांच्या घंटा, जिन्यांचे कठडे, कपाटांच्या मुठी, लग्नाच्या बग्ग्यांचे पितळी दिवे, जे येईल त्यावर पोट चालवलं. मुलाला शिकवलं. बंपर मात्र गेल्या वीस वर्षांत एकही आलं नाही.

आता तो मुलगा, किरण, हजीऱ्याच्या एका पोलाद कारखान्यात लागला होता आणि त्याने कोसाडला फ्लॅट घेतला होता. चौथा मजला. सगळे तिथेच राहायला जाणार होते. तिथे मशीन नेणं शक्यच नव्हतं. शिवाय डॉक्टरने उखाच्या छातीचा फोटो उजेडात धरून नाक मुरडलं होतं. किरणने भांडी पॉलिश करणाऱ्या एकाशी मशीन विकायचं बोलून टाकलं. महिनाअखेरच्या शनिवारी मशीन जाणार हे ठरलं. उखाने भांडण केलं नाही, पण त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं ‘जेवलात का’ आणि ‘हो’ एवढ्यावर आलं. उखाच्या मनात एकच होतं. मशीन जायच्या आधी एक बंपर हातून जावं. आपल्या हातची चमक रस्त्यावर एकदा, शेवटची एकदा, डोळ्यांनी बघावी. ही इच्छा त्याने वत्सलाला सांगितली, आणि वत्सलाने शेजारणीला, त्यामुळे ती सगळ्या गल्लीला माहीत होती.

म्हणूनच दिलीप देशकर नावाचे एक गृहस्थ जेव्हा शेडमध्ये येऊन म्हणाले, “बंपरचं काम करता का हो तुम्ही?” तेव्हा उखाच्या हातातली देवळाची घंटा खाली पडली आणि बराच वेळ वाजत राहिली.

देशकर मूळचे वर्ध्याचे, बँकेतून निवृत्त झालेले, राहायला अडाजणला. तरुणपणी ते बँकेच्या कामाला हजीऱ्याला जात. तिथे कुठल्याशा प्रकल्पावर आलेले परदेशी इंजिनियर सुवालीच्या वाळूत एक उघडी, बुटकी, मोठ्या चाकांची गाडी उडवत. ड्यून बग्गी. देशकर टाय लावून, डबा काखेत मारून किनाऱ्यावर उभे राहून बघत. तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं, ही गाडी आपण एकदा चालवायची. मग बदल्या, घर, मुलांची शिक्षणं. छत्तीस वर्षांनी भरूचच्या एका गोदामात त्यांना तसलीच एक अर्धवट बग्गी मिळाली. सगळं जमलं होतं, फक्त पुढचं बंपर नव्हतं. म्हणजे खालची एक स्टीलची नळी होती, वरची बाकदार नळी आणि दोघींना जोडणाऱ्या उभ्या पट्ट्या गायब होत्या.

बग्गी हा शब्द ऐकून शेजारचा वेल्डर लखन डोकावला आणि त्याने विचारलं, “साहेब, घोडा कुठं बांधायचा?” देशकर मनापासून हसले. उखाला माणूस तिथेच आवडला.

“काम करतो साहेब,” उखा म्हणाला. “पण नळी माझ्या पसंतीची पाहिजे.”

“तुमच्याच पसंतीची घेऊ. मी काय, नुसता पाहून राहीन,” देशकर म्हणाले. “फिनिश मात्र साटीन ठेवा बरं का, उखाभाऊ. मला साटीनच पाहिजे.”

उखाने मान डोलावली. साटीन फिनिश हा शब्द त्याने धातूच्या बाबतीत जन्मात ऐकला नव्हता. भगवान मिस्त्रीच्या शाळेत एकच फिनिश होतं. पण चाळीस वर्षं घासलेल्या माणसाने गिऱ्हाइकाला ‘म्हणजे काय’ असं विचारायचं? उखाची जीभ रेटली नाही.

तीन दिवस दोघं भंगारवाल्यांकडे हिंडले. उखाच्या हातात जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक. नळीला लावून बघायचं, चिकटलं तर लोखंड, पुढे चला; नाही चिकटलं तर चांगलं स्टील. देशकर प्रत्येक ठिकाणी सदऱ्याने कपाळ पुसत विचारायचे, “ही चालेल?” आणि उखा मान हलवून पुढे जायचा. एका जागी चांगली सरळ नळी होती, पण ती वाकवताना चेपली असती. दुसऱ्या जागी बाक चांगला होता, पण आतून गंज. शेवटी एका मोडीत निघालेल्या सिटी बसच्या सांगाड्यात त्याला हवी ती सापडली. मागच्या दारापाशी धरायची बाकदार नळी. माणसांच्या हातांनी ती मधल्या भागात इतकी गुळगुळीत झाली होती की उखा तिच्यावरून पुन्हा पुन्हा तळवा फिरवत राहिला. देशकरांनी त्याचा चेहरा बघून भाव न करता ती नळी घेऊन टाकली.

लखनने जोड मारून दिले. त्या संध्याकाळी उखाने वत्सलाला विचारलं. वत्सला घरी बसून ड्रेसच्या कापडांवर टिकल्या आणि खडे चिकटवायचं काम घ्यायची. सुरतेत राहून साटीन तिला माहीत नसेल असं कसं होईल?

“साटीन म्हणजे कशी ऱ्हास व?”

वत्सलाने गठ्ठ्यातून लाल साटीनचा तुकडा ओढला आणि खाटेवर पसरला. खिडकीतलं ऊन त्यावर पडलं आणि कापड असं झळाळलं की छतावर लाल उजेड पडला. “आशी,” ती म्हणाली. “आशी चमकस.”

उखा खूष झाला. म्हणजे साहेबांना आरसाच हवा होता, फक्त सुरती भाषेत सांगितलं होतं. त्याने तो तुकडा मागून घेतला आणि मशीनच्या वर भिंतीला खिळ्याने ठोकला. नाकातोंडाला फडकं बांधलं आणि चाक सुरू केलं. आधी खरखरीत चाक, मग बारीक, मग कापडाच्या चकत्यांचं चाक आणि पॉलिशचा साबण. लांब नळी चाकावर धरायची म्हणजे अंगातली ताकद पणाला लागते. जरा हात हलला की चाक नळी हिसकावून घेतं आणि माणसाला भिंतीवर आदळतं. किरण कामावरून येताना शेडच्या दारात थबकायचा. काळ्या तोंडाचा बाप नळीशी झगडताना बघायचा आणि काही न बोलता घरात जायचा. विचारलं असतं तर त्याने साटीनचा अर्थ सांगितला असता. पण उखा विचारणार नव्हता आणि किरण सांगायला थांबणार नव्हता.

नवव्या दिवशी उखाने बिडी पेटवली. तशी त्याने बिडी सोडून सहा वर्षं झाली होती, पण परीक्षेपुरती चालते असं त्याने वत्सलाला बजावून सांगितलं. धूर बंपरात निराळा निराळा, पदरापदराने वर जाताना दिसला. उखाने तिथेच जमिनीवर बसून घेतलं. भगवान मिस्त्री आज असता तर त्याने तो शब्द उच्चारला असता. उखाने तो स्वतःच, हळू आवाजात, उच्चारला.

गुरुवारी दुपारी देशकर आले. उखाने बंपर अंगणात दोन स्टुलांवर ठेवून वर चादर टाकली होती. त्याने चादर ओढली. टळटळीत दुपारचं ऊन बंपरावरून उसळून अंगणभर पसरलं. देशकरांनी झटकन तोंड फिरवलं. त्यांच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या.

“फार सुंदर काम आहे, उखाभाऊ,” ते रुमाल डोळ्यांना लावून म्हणाले. “पण मी साटीन म्हटलं होतं ना.”

“हेच तर साटीन, साहेब.”

तेव्हा कुठे उलगडा झाला. देशकरांच्या डोळ्यांच्या मागच्या पडद्याचं दोनदा ऑपरेशन झालं होतं. चकाकतं काही समोर आलं की त्यांना दोन-तीन मिनिटं काहीच दिसत नसे. बग्गीचं नाक आखूड, बंपरची वरची नळी चालवणाऱ्याच्या बरोबर डोळ्यांसमोर येते. म्हणून त्यांना मंद, न चमकणारं फिनिश हवं होतं, आणि धातूच्या दुनियेत त्याच फिनिशला साटीन म्हणतात.

“असू द्या,” देशकर म्हणाले. “इतकं जीव ओतून केलेलं काम मी बिघडवायला सांगणार नाही. मी काळा चष्मा लावेन. हेच बसवू.”

खोटं कशाला बोला, उखाला आनंद झाला. हे बंपर असंच जाणार होतं, चमकत, त्याच्या हातची सगळी चमक घेऊन. त्याने जे मागितलं होतं ते गिऱ्हाईक आपण होऊन देत होतं. देशकर जायला निघाले. अंगणाच्या उंबऱ्यापाशी त्यांनी पाऊल पुढे टाकलं ते पायरी सोडून हवेत. उखाने धावत जाऊन त्यांचा दंड धरला नसता तर ते तोंडावर पडले असते. ते कसंनुसं हसले, भिंत चाचपली आणि डोळे निवळेपर्यंत तिथेच उभे राहिले. उखाही त्यांचा दंड धरून उभा राहिला.

देशकर गेल्यावर उखा जेवायला बसला, पण नुसतीच भाकरी चिवडत राहिला. किरणची दुसरी पाळी होती, म्हणून तोही घरी होता. वत्सलाने झालं ते सांगितलं. किरणने बापाकडे पाहिलं, आणि बऱ्याच दिवसांनी एक अख्खं वाक्य बोलला. “मला विचारायचं ना, पप्पा. आमच्या प्लांटमध्ये रोज हाच शब्द. साटीन एटले झांखुं, म्हणजे मंद.”

“मग तुनी माय माले खोटं सांगे का?” उखा उसळला. “सुरतमां साटीन चमकस. सगळी दुनियाले माहीत शे.”

वत्सला उठली. शेडमध्ये जाऊन तिने खिळ्यावरचा तुकडा काढून आणला, उखाच्या ताटाशेजारी ठेवला आणि उलटा केला. मागची बाजू मंद होती. लाल रंग तोच, कापड तेच, पण चमक नाही. त्यात बारीक सरळ तारा दिसत होत्या, सगळ्या एका अंगाला जाणाऱ्या.

“हाई बी साटीनच शे,” ती म्हणाली. “आंगले लागस ती बाजू.”

“मंग तू माले एकच बाजू दखाडी.”

“तुम्ही एकच इचारी.”

उखा त्या उलट्या कापडाकडे बराच वेळ बघत राहिला. अंगाला लागते ती बाजू. चाळीस वर्षं तो लांबून बघणाऱ्यांसाठी घासत आला होता. रस्त्याच्या कडेला उभं राहून ‘हाई मनं’ म्हणायचं, त्यासाठी. मोटारीत बसलेल्या माणसाला ते बंपर कसं दिसत असेल, हा विचार त्याच्या मनाला कधी शिवलाच नव्हता. भगवान मिस्त्रीनेही तो शिकवला नव्हता.

त्याने हात धुतले आणि किरणला विचारलं, “झांखुं कसं करतात?”

किरणने सांगितलं. मशीन नकोच. बारीक पॉलिश पेपर आणि भांडी घासायची हिरवी घासणी घ्यायची, हाताने, नळीच्या लांबीला धरून, एकाच दिशेने. आडवा हात गेला की काम बिघडलं. एवढं सांगून तो कामाचे बूट घालू लागला, मग काय वाटलं कोण जाणे, बूट तसेच ठेवून बंपरपाशी आला आणि एक हात फिरवून दाखवला. आरशासारख्या नळीवर बोटभर धूसर पट्टा उमटला. उखाच्या तोंडून ‘आई गं’ निघून गेलं. स्वतःच्या पोराच्या गालावर ओरखडा यावा तसं त्याला झालं.

शुक्रवारी सकाळी तो एकटाच बसला. पहिला अर्धा तास त्याने काही केलं नाही, नुसती घासणी हातात धरली. बंपरात आभाळ दिसत होतं, शेजारच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे दिसत होते, वरून चाललेली कावळ्यांची रांग दिसत होती. मग त्याने टोकापासून सुरुवात केली. एका एका हाताबरोबर आभाळ पुसलं जात होतं, आणि उखाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याने ते पुसलंही नाही. थोड्या वेळाने वत्सलाने दुसरी घासणी घेतली आणि दुसऱ्या टोकाला बसली. ती रोज कापडाची तार बघणारी बाई. तिचा हात एकदाही आडवा गेला नाही. उखाचा दोनदा गेला, आणि दोन्ही वेळा तिने त्याचं मनगट धरून सरळ केलं. संध्याकाळपर्यंत सबंध बंपर मंद, राखाडी, एकसारखं झालं. उखाने सवयीने त्यात तोंड बघितलं. काहीच दिसलं नाही.

शनिवारी मशीन टेंपोत चढलं. उखाने चाकांच्या आसांना तेल दिलं, नेणाऱ्याला साबण कुठला वापरायचा ते दोनदा सांगितलं, आणि आत जाऊन झोपून गेला.

रविवारी चार वाजता देशकरांनी गाडी पाठवून दोघांना सुवालीच्या किनाऱ्यावर नेलं. बग्गी टेंपोने आधीच आली होती आणि लखनने तिच्यावर बंपर बसवलं होतं. देशकरांनी बंपर पाहिलं. त्यावरून हात फिरवला. त्यांनी उखाचे दोन्ही हात धरले आणि नुसते हलवले. मग ते बग्गीत चढले. छत्तीस वर्षांपूर्वी डबा काखेत मारून जिथे उभे राहिले होते, तिथून त्यांनी गाडी सुरू केली. काळा चष्मा त्यांच्या डोळ्यांवर नव्हता.

ऊन तिरपं झालं होतं. किनाऱ्यावर आणखी गाड्या होत्या, मोटारसायकली होत्या, सहलीला आलेल्यांच्या जीपा होत्या. कुणाचा आरसा चमकत होता, कुणाच्या दिव्याची कड. बग्गी वाळू उडवत लांब गेली, लहान होत गेली, मग वळसा घेऊन त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिली, पुन्हा निघाली. उखा टाचा उंचावून बघत होता. इतक्या लांबून नुसती वाळूच्या रंगाची एक गाडी दिसत होती, बाकी काही नाही. त्याला वाईट वाटलं. खूप वाटलं.

वत्सलाने कपाळावर हात धरून इकडून तिकडे नजर फिरवली. “तुम्हनं काम कोठे शे? माले तं काहीच चमकतांना दिसत नही.”

उखा बग्गीकडेच बघत होता. देशकरांनी समोरचा ओढा बरोबर हेरला, चाकं वळवली आणि पाणी चुकवून पुढे निघाले.

“त्यासले रस्ता चांगला दिसस ना?” उखा म्हणाला. “मंग बस.”